बुडणारं कासव

माघात शकूचं लग्न झालं ते एकोणीसशे पंचावन्न साल. शकू ही सावळारामची धाकटी बहीण; तिला बावड्याच्या कुंडलिकाला दिली. वऱ्हाड परत गेलं, मांडवाच्या मेढी उपटल्या, आणि त्यानंतर तिसऱ्या आठवड्यात वरकुट्याच्या रानात सावळारामच्या नव्या विहिरीला पाणी लागलं. बावडेकर म्हणाले, हा नवरीचा पायगुण. गावातले टवाळ म्हणाले, नवरी घरातून गेल्याचा पायगुण. सावळारामनं दोघांनाही हसून पान दिलं. पाणी लागलेल्या माणसाला राग येत नाही.

पण पाणी लागलं म्हणजे प्यायला मिळालं, असं नव्हतं. नव्या विहिरीत कासव सोडल्याशिवाय घरच्यांनी तिचा थेंब तोंडाला लावायचा नाही, अशी तिकडची चाल. कासव शेवाळ खातं, किडे खातं, पाणी निवळ ठेवतं, आणि जुनी माणसं म्हणतात, विहिरीची राखणही करतं. कासव नसलेली विहीर म्हणजे कुंकू न लावलेली देवी.

या चालीचा सगळा भार एकाच माणसाच्या डोक्यावर होता, आणि तो भार घागरीचा होता. सावळारामची बायको छबूबाई बारा वर्षं कालव्याच्या चारीवरून पाणी आणत होती. जायला अर्धा कोस, यायला अर्धा कोस. सकाळी तीन खेपा, संध्याकाळी दोन. आता विहीर दारापासून पन्नास पावलांवर होती. छबूबाई रिकामी घागर घेऊन तिच्या कडेनं जायची आणि भरलेली घागर घेऊन तिच्याच कडेनं परत यायची. ती कधी थांबून आत डोकवायची नाही. "कासव पडंल त्या दिशी माजी चारी सुटंल," एवढंच एकदा म्हणाली होती. ती जायला लागली की सावळाराम बैलांकडे तोंड करून उभा राहायचा. बैलांना वाटायचं, मालकाचा आपल्यावर फार जीव आहे.

त्यानं भीमेकाठच्या गेणबा भोयाला सांगून ठेवलं होतं. तीन आठवडे गेणबानं जाळी टाकली, आणि शेवटी रिकाम्या हातानं आला.

"माज्या बापाच्या येळंला जाळं वडलं की आदी कासवं निगायची, मागनं मासळी," तो म्हणाला. "आता डोह पालथा घातला तरी दिसत न्हाईत. खाऊन टाकली लोकांनी. दुसरं काय?"

"आरं, पन माजी पूजा शुक्रवारी हाय! पाव्हणं सांगून ठिवल्यात."

"मग पाव्हण्यास्नीच सोडा हिरीत," असं म्हणून गेणबा तंबाखू मागून निघून गेला.

बुधवारी सकाळी सावळाराम मारुतीच्या देवळापुढे लिंबाखाली दोर वळत बसला होता. कासव नसलं तरी कासवाची पाटी विहिरीत सोडायला दोर तर हवाच. देवळाच्या ओवरीत शाळा भरलेली होती. शाळेच्या मास्तरीण कौसल्याबाई वर्षापूर्वी इंदापुराहून बदलून आल्या होत्या. बाईमाणूस काय शिकवणार, असं गावाला आधी वाटलं होतं. मग एकदा भर शाळेत आढ्यावरून धामण खाली पडली. पोरं पळाली, पोरांच्या आरडाओरड्यानं जमलेले बाप्येही पळाले, आणि बाईंनी ती धामण काठीनं पोत्यात घेऊन रानात नेऊन सोडली. वर गावाला ऐकवलं, की ही वर्षाला तुमचं पोतंभर धान्य उंदरांपासून वाचवते. तेव्हापासून बाई बोलायला लागल्या, की लिंबाखालची रिकामटेकडी मंडळीही गप्प बसून ऐकायची.

त्या दिवशी बाईंच्या हातात पुण्याहून भावानं पाठवलेलं चित्रांचं पुस्तक होतं. जगातून संपत चाललेले सरपटणारे प्राणी, असा धडा होता.

"समुद्रात फार दूर काही बेटं आहेत," बाई सांगत होत्या. "तिथलं कासव एवढं मोठं, की तुमच्यातली दोन-तीन पोरं पाठीवर बसली तरी ते आपल्या चालीनं चालत राहील. आणि त्याचं आयुष्य दीडशे वर्षांचं."

सावळारामचा वळता हात थांबला.

"दीडशे?" पोरांच्या आधी तोच ओरडला.

"हो तात्या, दीडशे."

"आन् खातं काय वो ते?"

"गवत खातं, निवडुंग खातं. पण मुलांनो, गोष्ट पुढेच आहे. हे कासव अन्नपाण्यावाचून कितीतरी महिने जगतं. ते जहाजांवरच्या खलाशांना कळलं. मग त्यांनी काय केलं? शेकड्यांनी पकडली, जहाजाच्या पोटात उताणी घालून ठेवली, आणि लागेल तसं एकेक कापून खाल्लं. असं करता करता काही बेटांवर एकही उरलं नाही."

"बाई, मग ती वरडली न्हाईत?" दुसरीतल्या बनीनं विचारलं.

"त्यांना ओरडता येत नाही, बने. म्हणून तर कुणाला लवकर कळलं नाही."

मग बाईंनी पान उलटलं. उत्तरेकडच्या नद्यांतली लांब तोंडाची सुसर निघाली, जिच्या नराच्या नाकावर मडक्यासारखा गोळा असतो आणि जिच्या कातड्याच्या पिशव्या करतात.

"येवडी मोठी सुसर मारायची, आन् पिशवी येवढीशी?" एका पोरानं विचारलं.

"एवढीशीच," बाई म्हणाल्या. त्यानंतर निघाला तुआतारा नावाचा प्राणी. दिसायला सरड्याचा थोरला भाऊ, पण सरडा नव्हे. त्याच्या जातीतला तो एकटाच उरलेला. दक्षिणेकडच्या एका देशाच्या बारीकबारीक बेटांवर कसाबसा टिकून आहे, कारण जहाजांतून गेलेल्या उंदरांनी बाकी ठिकाणी त्याची अंडी फस्त केली.

"आणि त्याच्या डोक्यावर कातडीखाली तिसरा डोळा असतो."

"शंकरावानी?"

"शंकरासारखा. पण त्यानं कुणाला भस्म करता येत नाही. उंदरालासुद्धा नाही, बिचाऱ्याला."

सावळाराम दोर विसरून ऐकत होता. एवढ्या लांबच्या जनावरांची बाईला काळजी, आणि तीही एका पुस्तकावरून, याचं त्याला फार नवल वाटलं. पण डोक्यात मुक्काम केला तो दीडशे वर्षांनी. दीडशे वर्षांचं एक कासव विहिरीत पडलं, की चार पिढ्यांची चिंता मिटली. गेणबाचं तोंड बघायला नको.

शाळा सुटता सुटता बाई म्हणाल्या, "उद्या आपण पाण्यातलं कासव कोणतं आणि जमिनीवरचं कोणतं, ते ओळखायला शिकू."

पण उद्या गुरुवार होता. गुरुवारी बारामतीचा बाजार. छबूबाईला पूजेसाठी नवं लुगडं आणायला सावळाराम पहाटेच निघाला, आणि अर्धा धडा पदरात घेऊन अर्धा मागं ठेवून गेला.

बाजारात लुगड्यांच्या पालाकडे जाताना त्याला एक परमुलखातला फिरस्ता दिसला. त्याच्यापुढे मणी, फण्या, जडीबुटी, आणि एका टोपलीत कासव. सावळारामनं जन्मात तसं कासव पाहिलं नव्हतं. काळ्याभोर पाठीवर टेंगळंटेंगळं, आणि प्रत्येक टेंगळावरून पिवळ्या रेघा फुटलेल्या, जशी एकेक चांदणी. आभाळाचा तुकडा कुणी कापून त्याला पाय लावले होते. कासवानं मान वर काढली आणि एखाद्या थकलेल्या म्हाताऱ्यासारखं सावळारामकडं पाहिलं.

"कितीक वर्सं जगंल ह्ये?" सावळारामनं विचारलं.

फिरस्त्यानं दोन्ही हात आकाशाकडे नेले. सावळारामला त्यात दीडशे दिसले. लुगड्याचे पैसे तिथंच सुटले.

परतीच्या एस. टी.त त्यानं कासव टोपलीतून काढून बाकाखाली पायांशी ठेवलं. काळोख्या जागी ते दगडच वाटत होतं. शेजारच्या म्हातारीनं आपलं गाठोडं त्यावर टेकलं आणि डोळे मिटले. थोड्या वेळानं गाठोडं चालायला लागलं. ते संथपणे, कुणाला धक्का न लावता, गाडीच्या मधल्या वाटेनं पुढं निघालं.

"आगं आयाई!" म्हातारी किंचाळली. "गठुळं निगालं माजं!"

डायव्हरनं गाडी थांबवली. कंडक्टर वाकून बघत म्हणाला, "कुनाचं हाय ह्ये जनावर?"

"माजं," सावळाराम म्हणाला.

"तिकीट?"

"कासवाला तिकीट असतंय व्हय? बसलंय कुठं ते? चालतच निगालंय की!"

सगळी गाडी हसली. कंडक्टरनं आपली बुकं उलटीपालटी केली. बकरं होतं, कोंबडी होती, कासव कुठंच नव्हतं. शेवटी त्यानं कासवाच्या पाठीवरून बोट फिरवलं, "देवानं काय येळ काडून रंगवलंय!" असं स्वतःशीच म्हणाला आणि घंटी मारली.

घरी छबूबाई चारीवरून नुकतीच आली होती. घागर उतरवून तिनं विचारलं, "लुगडं?"

"आदी ह्ये तर बग!" सावळारामनं टोपलीवरचा पंचा काढला. "ह्याच्या अंगावरची नक्षी बग. असलं काम कुन्या इनकराला जमायचं न्हाय."

"मग ह्येच नेसू व्हय मी उद्या?"

"आगं, दीडशे वर्सं टिकनार हाय!"

"लुगडं टिकत न्हाय म्हनून कासव आनलं. बरं हाय." छबूबाई हे बोलली खरी, पण तिचा हात कासवाच्या पाठीवर गेला होता आणि तो लवकर परत आला नाही. मग ती उठली आणि घमेलं भरून पाणी घेऊन आली. "ठिवा ह्यात. लांबून आलंय, जरा पवंल."

कासव पोहलं नाही. ते घमेल्यात मान उंच करून धडपडलं, काठावर पाय टाकून उलटं बाहेर पडलं आणि सरळ चुलीमागच्या कोरड्या राखेत जाऊन बसलं.

छबूबाई भीमाकाठच्या डाळजची. नदीच्या डोहात लहानपण गेलेलं. ती कंबरेवर हात ठेवून म्हणाली, "आमच्या डोहातली कासवं चपटी असत्यात, भाकरीगत. मानूस दिसलं की पान्याकडं पळत्यात. ह्ये तर पान्याला बगून राखंकडं पळतंय."

"परवास झालाय त्याला."

"अवो, ह्याचं पाय तरी बगा. उखळातल्या मुसळावानी."

"तुला काय म्हाईत? बाई म्हनाल्या, ह्ये कासव म्हैनं न् म्हैनं बिगर पान्याचं ऱ्हातंय. तपस्वी हाय ते. तू काय बाईंपरीस शानी?"

शिकलेल्या बाईपुढं आपण काय बोलणार, असं छबूबाईला वाटलं, आणि बाईंनी खरंच काय सांगितलं ते सावळारामला तरी कुठं सगळं ठाऊक होतं? तिनं कासवापुढं मेथीची काडी धरली. ती त्यानं एवढ्या गोडीनं खाल्ली, की दोघंही जेवणं सोडून बघत बसली.

शुक्रवारी सकाळी विहिरीवर निम्मं गाव लोटलं. रामहरी गुरव हळदकुंकू, नारळ घेऊन आला. बावड्याहून कुंडलिक आला. नवा जावई म्हणजे मानाचं माणूस. त्याला काहीतरी मान द्यायला हवा, म्हणून कासवाच्या पाटीचा दोर त्याच्या हाती दिला. त्यानं फेटा नीट केला, मिशीला पीळ भरला आणि विहिरीच्या काठावर पाय रोवून उभा राहिला. छबूबाई जुनंच लुगडं धुऊन नेसली होती. रिकामी घासलेली घागर तिनं काठाशी ठेवली होती. ती घागर आज चारीला जाणार नव्हती.

कासवाला हळदकुंकू वाहिलं. पाटी काठावरून खाली जायला लागली, आणि तेवढ्यात बांधावरून शाळा आली. कौसल्याबाई पोरांची रांग घेऊन कासव दाखवायला आल्या होत्या. कालच्या धड्यानंतर खरं कासव बघायला मिळणार, म्हणून पोरं उड्या मारत होती. बनी सगळ्यांच्या पुढं धावत आली, काठावरच्या बायकांच्या पायांतून डोकं घालून तिनं खाली पाहिलं, आणि ओरडली, "बाई! त्याचं पाय बगा!"

बाईंनी पाहिलं. त्यांचा चेहरा उतरला.

"थांबवा! तात्या, थांबवा ती पाटी! ते पाण्यातलं कासव नाही, ते बुडेल!"

दोर थांबला. पाटी पाण्यापासून पाच-सहा हातांवर लोंबत राहिली. मग अख्खी विहीर हसली.

"कासव बुडंल?" कुंडलिक म्हणाला. "बाई, तुमच्या गावात मासं बी बुडत्यात का वो?"

"आन् घारीला भवळ येत आसंल," दुसरा कुणी बोलला.

"बाई," सावळाराम अदबीनं म्हणाला, "तुमीच म्हनलात न्हवं, दीडशे वर्सं?"

"अहो, म्हणाले. पण जमिनीवर! कालच्या तासाला तुम्ही कुठं होता?"

"बाजारात."

"तरीच!" बाईंनी पदर खोचला. नुसतं सांगून ही माणसं ऐकायची नाहीत, हे त्यांच्या ध्यानात आलं. त्या पोरांकडे वळल्या, आणि विहिरीच्या काठावर परीक्षा सुरू झाली. "मुलांनो! पाण्यातल्या कासवाचे पाय कसे?"

"वल्ह्यावानी!"

"बोटांमध्ये काय?"

"कातडं!"

"आणि याचे पाय कसे आहेत?"

"हत्तीवानी!"

"म्हणजे हे कुठलं कासव?"

"जमिनीवरचं!"

"पाण्यात टाकलं तर काय होईल?"

चाळीस पोरांनी छाती भरून एकदम आरोळी ठोकली: "बुडंल!"

ती आरोळी विहिरीत जाऊन दुपटीनं वर आली. कुंडलिक त्याच वेळी उत्तर ऐकायला वाकला होता. तो दचकला, दोन्ही हात कानांवर गेले, आणि कानांवर गेलेल्या हातांत दोर कसा राहणार? पाटी गेली. डुबुक असा आवाज झाला. हळदीचा पिवळा तवंग पाण्यावर पसरला आणि त्याच्या मधोमध बुडबुडे यायला लागले.

"बुडलं," रामहरी गुरव हळूच म्हणाला. त्याच्या उभ्या जन्मातलं हे पहिलंच बुडलेलं कासव.

सावळारामनं पुढं-मागं पाहिलं नाही. आभाळाचा तो तुकडा आपल्या अडाणीपणानं बुडतोय, एवढंच त्याला दिसलं. त्यानं नव्या सदऱ्यासकट उडी टाकली. अर्ध्या वाटेत, हवेत असताना, त्याला आठवलं की आपल्याला पोहता येत नाही. पण तिथून परत फिरायची सोय नव्हती.

"पाव्हणं!" कुंडलिक वरून ओरडला. "पाव्हणं, पवा!"

पाव्हणे पोहत नव्हते. ते वर यायचे, तोंड उघडायचे, ते तोंड पाण्यानं भरायचं, आणि खाली जायचे. विहिरीवर साठ माणसं होती, सगळी कोरडवाहू. जो तो दुसऱ्याला म्हणत होता, "आरं, कुनीतरी उडी टाका!"

एवढ्यात काठावरची गर्दी फाटली. छबूबाईनं कासोटा आवळला, एक पाय काठाला लावला आणि सूर मारला. तिच्या बारा वर्षांच्या संसारात तिला पोहता येतं हे कुणी विचारलं नव्हतं, तिनं सांगितलं नव्हतं. ती पाण्यात अशी शिरली, की फारसं पाणीसुद्धा उडालं नाही. वर आली तेव्हा तिच्या एका मुठीत नवऱ्याच्या सदऱ्याची कॉलर होती. त्याला ओढून तिनं कडेच्या खडकाच्या कंगोऱ्याला लावलं, "धरा हितं, आन् सोडू नगा," असं दटावलं, आणि पुन्हा खाली गेली.

बाईंनी बनीचा खांदा एवढा घट्ट धरला होता, की दुसऱ्या दिवशीही तिथं बोटं उमटलेली होती. छबूबाई एवढा वेळ खाली राहिली, की सावळाराम कंगोरा सोडून तिच्या मागं जायला निघाला. मग पाणी फुटलं, आणि तिच्या डोक्यावर, जिथं रोज घागर असायची तिथं, चांदण्यांची पाठ चमकली.

"पाटी सोडा!" ती ओरडली.

दुसरी पाटी आली. आता प्रश्न असा पडला, की आधी वर कोण? पोरांच्या मनात काही शंका नव्हती. "आदी कासव! आदी कासव!" असा एकच गजर सुरू झाला.

"पाव्हणं, तुमी जरा धरून ऱ्हावा," कुंडलिक वरून काकुळतीला येऊन म्हणाला. "पोरं ऐकंनात."

"मी बी त्येच म्हनतोय!" सावळाराम खोकत खोकत बोलला. "आदी त्येला न्या!"

कासव वर गेलं. बाईंनी ते मान खाली करून धरलं, पुढचे पाय हळूहळू आतबाहेर करत राहिल्या. त्याच्या तोंडातून पाणी गळत होतं, पण ते हलत नव्हतं. सगळं गाव त्याच्याभोवती गोळा झालं. कालपर्यंत ज्यांनी घोरपड दिसली की दगड उचलला होता, ते बाप्ये पोरांच्या मागं टाचा उंचावून उभे होते. बाई दमून गेल्या तरी थांबल्या नाहीत.

"बाई, ह्ये मेलं तर जगात किती उरत्याल?" बनीनं विचारलं.

"ते कुणी मोजलेलं नाही, बने. पाठ देखणी म्हणून लोक याला उचलून आणतात आणि विकतात. जिथून आणलं, तिथं एक कमी झालंच."

मधल्या वेळात सावळारामला वर ओढायला कुणीच उरलं नव्हतं. खोदणाऱ्यांनी विहिरीच्या भिंतीत पाय ठेवायला खाचा पाडल्या होत्या, त्यांना धरून, पोटानं खडक घासत, तो एकटाच वर चढला आणि काठावर पालथा पडला. पाणी ओकून झाल्यावर त्यानं मान वर केली.

"जगलं का?"

"कोन, तुमी?" कुंडलिक म्हणाला. "तुमी जगलात."

"मी न्हाय वो! त्ये!"

त्या क्षणी बाईंच्या हातात एक पाय आक्रसला. मग मान बाहेर आली, डोळा उघडला, आणि कासवानं जमलेल्या सगळ्या वरकुट्याकडे असं पाहिलं, की पुन्हा असलं काही करू नका. पोरांनी केलेला कल्ला शेजारच्या गावात ऐकू गेला म्हणतात.

कल्ला ओसरला तसा रामहरी गुरव पुढं आला. त्यानं घसा खाकरला. "सावळाराम, झालं ते बरं झालं. पन पूजा मोडली. हिरीत कासव न्हाय. आता गेणबाला दुसरं घावंपतूर थांबाय पायजे. पुढला म्हूर्त बगू, पाडव्यानंतर."

सावळारामचा चेहरा कासवापेक्षा जास्त सुरकुतला. पाडव्यानंतर म्हणजे अजून महिनाभर चारी. त्यानं आजूबाजूला पाहिलं, आणि तेव्हा कुठं सगळ्यांच्या लक्षात आलं, की छबूबाई अजून वर आलेलीच नाही.

सगळे काठाकडे धावले. छबूबाई खाली पाण्यात पाठीवर पडून तरंगत होती. केस मोकळे सुटले होते. तिनं वर बघितलं, आणि लग्नापासून तिला असं हसताना कुणी पाहिलं नव्हतं.

"छबे, वर ये!" सावळाराम ओरडला.

"येते की. घाई काय हाय? बारा वर्सांनी पान्यात उतरलीया." मग तिनं आवाज चढवला. "रामहरीभाऊ, चाल काय हाय? कासव पडल्याबिगर पानी प्यायचं न्हाय. आसंच न्हवं?"

"आसंच."

"मग पडलं का न्हाय?"

रामहरीनं डोकं खाजवलं. "पडलं म्हंजे... पडलं. बुडलंच की."

"ते तितं ऱ्हायलं पायजे आसं कुनी म्हनलंय का?"

रामहरीनं सगळ्या म्हाताऱ्यांकडे पाहिलं. म्हाताऱ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. कासव पडावं एवढंच वाडवडील सांगून गेले होते. आजवर विहिरीतून कासव कुणी बाहेर काढलंच नव्हतं, तर पुढं काय करायचं ते कोण सांगणार?

"न्हाय बा," रामहरी अखेर म्हणाला. "आसं काय कुनी म्हनल्यालं न्हाय."

"मग झालं तर," छबूबाई म्हणाली. तिनं ओंजळ भरली, तोंडाला लावली आणि डोळे मिटून घोट घेतला. विहिरीच्या काठावरची सगळी माणसं तिच्या गळ्याकडे बघत होती.

"गोड हाय," ती म्हणाली. "जावईबापू, घागर सोडा खाली. आन् दोर हाताला बांदून घ्या."

कुंडलिकानं दोराचे तीन वेढे मनगटाला दिले आणि चौथा कमरेला.

शनिवारी बाईंनी शाळेत धड्याची उजळणी घेतली. संपत चाललेले सरपटणारे प्राणी कोणते, ते एकेकानं सांगायचं होतं. एकानं बेटावरचं कासव सांगितलं, एकानं सुसर, एकानं तुआतारा. बनीनं सावळारामतात्यांचं नाव घेतलं. बाई रागावल्या, तशी ती म्हणाली, "संपतच आलं हुतं की वो बाई. आन् पोटानं सरपटतच वर आलं. म्या सोता बगितलं." बाईंनी तिला बाकीच्या वर्गाकडं तोंड करून उभं केलं आणि स्वतः फळ्याकडं तोंड करून उभ्या राहिल्या. त्यांचे खांदे बराच वेळ हलत होते.

कासवाला जिथलं तिथं सोडावं, असं बाईंचं म्हणणं होतं. सावळाराम त्यासाठी पुढचे चार बाजार बारामतीला गेला, पण तो फिरस्ता पुन्हा दिसला नाही, आणि कासवाचा मुलूख कोणता ते कळलं नाही. मग ते परसातच राहिलं. त्यानं मेथी खाल्ली, निवडुंग खाल्ला, एका वर्षी सबंध वांग्याचा वाफा खाल्ला. गावात कुणाच्या नव्या विहिरीची पूजा निघाली, की सावळाराम आपण होऊन तिथं जायचा, आणि कासव आधी उताणं करून त्याचे पाय बघायचा. बाईंच्या खालोखाल त्यालाच त्यातलं कळतं, असं लोक मानायला लागले. सही करायला तो त्याच वर्षी, देवळाच्या ओवरीत मागच्या रांगेत बसून शिकला.

कौसल्याबाईंची बदली एकोणीसशे अठ्ठावन्न साली झाली. सावळाराम एकोणीसशे एकोणऐंशीच्या भाद्रपदात, तापानं वारला. छबूबाई शहाऐंशी साली, संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी गेली. कासव त्यानंतर तीन वर्षांनी, एकोणनव्वदच्या उन्हाळ्यात मेलं.